घरात दुसरी शाळा नको

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला, दुसरीतल्या तुझ्या लेकाच्या वहीचा फोटो मी चार वेळा मोठा करून पाहिला. सत्तावीस सांगितलं तर त्याने 72 लिहिलंय, पस्तीस सांगितलं तर 53, आणि एकोणचाळीसला 41. प्रत्येकाभोवती तू लाल पेनने गोल केलास आणि खाली लिहिलंस, "बाई, ह्याच्या डोक्यात काही शिरतच नाही, परवा एक ठेवून दिली." मारलंस हे लपवलं नाहीस, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते.

आधी त्या 72 बद्दल. 'सत्तावीस' हा शब्द तू सावकाश उच्चारून बघ. आधी सात ऐकू येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन लिहायचे आणि मग सात. तुझा लेक जे आधी ऐकतो ते आधी लिहितो. पस्तीसचंही तसंच. आणि एकोणचाळीसमध्ये त्याला 'एक' आणि 'चाळीस' ऐकू आले, त्याने 41 लिहिलं. अगं, हे पोर कान देऊन ऐकतंय! 'एकोण' म्हणजे 'एकाने कमी' हे त्याला कुणी सांगितलंच नसेल, तर त्याने आणखी काय लिहावं?

नोकरीची पहिली वर्षं मी जत तालुक्यात काढली. तिथे बऱ्याच घरांत कानडी बोलतात. कानडीत सत्तावीसला 'इप्पत्तेळु' म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग सात. शब्दाचा आणि अंकांचा क्रम एकच. मराठी मुलांना मात्र प्रत्येक आकडा ऐकून मनातल्या मनात उलटवावा लागतो. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशा वाचनाचा पर्याय दिला तो याचसाठी. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जुनं वाचन काढलेलं नाही, मुलांना सोपं जावं म्हणून जोडीला दुसरं दिलंय, असं त्या सांगत राहिल्या, तरी वाद विधानसभेपर्यंत गेला. मला स्वतःला तो पर्याय पटला होता आणि मी वर्गात दोन्ही म्हणवून घ्यायचे. 'वीस सात म्हणजे सत्तावीस' हे आठ-दहा दिवस तालात म्हटलं की बऱ्याच मुलांचे आकडे सरळ व्हायचे.

आता घरी काय करायचं ते सांगते. तुझ्या शिलाईच्या डब्यात बटणं असतील. दहा-दहा बटणं ओवून नऊ माळा कर आणि थोडी सुटी ठेव. "सत्तावीस दे" म्हण. तो दोन माळा आणि सात सुटी बटणं देईल. मग विचार, "माळा किती?" तो आकडा लिहू दे. "सुटी किती?" तो पुढे लिहू दे. एकोणचाळीसला चार माळा घ्या आणि एका माळेतलं एक बटण त्याच्याच हाताने काढून घे. दोरा सैल झालेला दिसला की 'एकोण'चा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. रोज पाचच आकडे. सहावा नको, तो मागेल तरी नको.

आणि तुझा टेप! त्यावर एका बाजूला साठ इंच आहेत. साठपर्यंतची संख्यारेषा तू रोज गळ्यात घालून बसतेस आणि मला विचारतेस, "मी दहावी नापास, मी काय शिकवणार?" तू ब्लाउज बेतताना मापं मोठ्याने सांग, त्याने ती त्याच्या वहीत लिहावीत. तुझी पक्की वही वेगळी ठेव, गिऱ्हाइकाचा कपडा बिघडायला नको. बाही साडेदहा, गळा सव्वासात, उंची पावणेचौदा. हे सव्वा, साडे, पावणे मुलांना पुस्तकात भेटतात तेव्हा अवघड वाटतात, कारण हल्ली ते घरात कुणी बोलत नाही. तुझ्या घरात ते दिवसभर बोललं जातं. एवढी चांगली गोष्ट लेकापासून लांब ठेवू नकोस.

मी हे अधिकाराने लिहितेय असं तुला वाटेल. खरं सांगते, माझ्या मुलीच्या बाबतीत मी तुझ्याहून वाईट चुकले. ती तिसरीत होती. मी शाळेतून आले की पर्स खुंटीला लावायची आणि तिला पाढे विचारायला घ्यायची. भाजी चिरताना शुद्धलेखन, जेवताना राजधान्या. तिचे मार्क चांगले होते. पण एकदा तिच्या बाईंकडून मला कळलं की वर्गातल्या मुली दोन महिने तिच्याशी बोलत नव्हत्या आणि ती डबा एकटीच खायची. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तू विचारतेस, पण ते सगळं पुस्तकातलं." आज ती चाळिशीला आली. ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. म्हणून तुला सांगते, घरात दुसरी शाळा भरवू नकोस. शाळेत मास्तर आहेत. आई ही एकच जागा त्याला घरात आहे.

तो शाळेतून आला की "काय शिकवलं?" विचारू नकोस, सगळी मुलं "काही नाही" म्हणतात. "आज खिचडीत काय होतं?" किंवा "बाकावर शेजारी कोण बसलं होतं?" असं विचार. मशीन थांबव आणि त्याच्याकडे बघून ऐक. पाच मिनिटं पुरतात.

वाचनाचं तू लिहिलंस की तो अडखळला की तुला राहवत नाही. तुला राहवत नसेल तर सासूबाईंना ऐकू दे. त्यांना अक्षरओळख नाही ही इथे जमेची बाजू आहे. त्या मधे चूक काढणार नाहीत, "मग पुढं काय झालं?" एवढंच विचारतील, आणि त्या पुढंसाठी तो 'क्ष' आणि 'त्र' ची झटापट स्वतः करेल. पहिलीचं पुस्तक संपलं असेल तर लग्नपत्रिका, बिस्किटाचा पुडा, एसटीची पाटी, काहीही चालेल. जोडाक्षरं दुसरीत सगळ्यांनाच जड जातात, त्याची धास्ती घेऊ नकोस. तिसरी संपताना मात्र त्याला समजून वाचता आलं पाहिजे. सरकारने 2021 साली सुरू केलेलं 'निपुण भारत' अभियानही तिसरीपर्यंतचंच लक्ष्य धरतं, आणि माझ्या अनुभवात तिथे मागे राहिलेल्या मुलाला पुढे इतिहास, विज्ञान, गणित सगळंच अवघड होऊन बसतं. तेव्हा नजर ठेव, पण मारून नाही.

शिकवणीला आठशे रुपये देऊ नकोस. दुसरीतल्या मुलाला शिकवणी कशाला? आणि वर्गावरच्या शिक्षकांनीच "माझ्याकडे पाठवा" म्हटलं, तर हे लक्षात असू दे की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 28 व्या कलमाने शिक्षकांना खाजगी शिकवणी घ्यायला बंदी आहे. त्याच कायद्याच्या 17 व्या कलमाने मुलाला शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही. कायदा शाळेपुरता बोलतो, पण घरात बसलेल्या फटक्याने आकडा सरळ झालेला मी छत्तीस वर्षांत पाहिला नाही. मूल फक्त वही लपवायला शिकतं.

महत्त्वाचं राहिलंच. महापालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. हेही त्याच कायद्यात आहे. पण बऱ्याच ठिकाणी काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. बाईचं नाव लागतं, बैठकीला नवरा जातो आणि रजिस्टर सहीसाठी घरी येतं. तू तसं करू नकोस. पुढच्या पालकसभेत समितीसाठी स्वतःचं नाव दे. घरून कामच असतं, वेळ कुठला, असं म्हणशील. महिन्यातून एकदा दोन तास मशीन बंद ठेव. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येतं का, पोषण आहाराचा तांदूळ कुठे ठेवतात, वर्गाला शिक्षक आहेत का, हे विचारायला इंग्रजी लागत नाही. पहिल्या बैठकीत नुसतं ऐक. दुसऱ्या बैठकीत एक प्रश्न विचार आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात लिहायला लाव.

सरांना भेटशील तेव्हा लेकाला बाहेर खेळायला पाठव. "आमचा फार खोडकर आहे, तुम्हीच बघा" हे त्याच्यासमोर म्हणायचं नाही. सरांना एवढंच विचार, "त्याला काय चांगलं जमतं? कुठे अडतो? मी घरी काय करू?" मोबाइलबद्दल विचारलं होतंस. जेवताना आणि झोपताना कुणाच्याच हातात नको, त्याच्या बाबांच्याही. इंग्रजी माध्यमाचा विचार या वर्षी तरी डोक्यातून काढ. जे पोर सत्तावीस कानाने नीट पकडतंय, त्याची भाषा मधेच बदलू नकोस.

दिवाळीत गावी येशील तेव्हा त्याला घेऊन ये, आणि टेप विसरू नकोस. मला दोन ब्लाउज शिवायचे आहेत. मापं तू घे, वहीत तो लिहील. त्याने 34 चे 43 लिहिले, तर बटणांच्या माळा माझ्याकडेही आहेत.

तुझ्या,
बाई