ताटातलं प्रोटीन आणि रिपोर्टातलं प्रोटीन

प्रश्न : मॅडम नमस्कार, तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. माझ्या वहिनींचं दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं, केमो झाली, त्या हर-टूच्या इंजेक्शनांपैकी सहा घेतली आणि मग खर्चामुळं थांबलो. आता कंबर दुखतीय म्हणून स्कॅन केला तर मणक्यात डाग निघाले, तिथला तुकडा तपासला तर परत हर-टू थ्री प्लस. डॉक्टर म्हणाले, या प्रोटीनच्या सिग्नलमुळं कॅन्सर पसरतो. झालं, तेव्हापासून आईनं वहिनींची अंडी, डाळ, दूध सगळं बंद केलंय, नुसती पेज आणि भाजी चालूय. हे बरोबर आहे का? आणि गाठ मुळासकट काढली होती तर हाडात गेली कशी?

उत्तर : दादा, आधी एक काम करा, आईंना सांगा की वहिनींचं अंडं आजच चालू करायचं. बाकीचं निवांत वाचा.

प्रोटीन हा शब्दच सगळा घोटाळा करतो. आपण खाल्लेली डाळ-अंडी पोटात आणि आतड्यात पार बारीक तुटतात, त्यांचे अमिनो आम्लाचे सुटे मणी होतात आणि त्यातून शरीर स्वतःला लागेल ते बनवतं. डाळ खाल्ली म्हणून हर-टू वाढत नाही आणि उपाशी राहिलं म्हणून कमी होत नाही. उलट उपचार चालू असताना अंगातलं मांस उतरलं तर माणूस औषध झेलू शकत नाही.

मग रिपोर्टातलं प्रोटीन कुठलं? मी मिरजेत बरीच वर्षं पॅथॉलॉजीत काढली, त्यामुळं हे डोळ्यासमोरच आहे. गाठीची पातळ चकती काचेवर घेऊन तिला एक खास रंग देतात, हर-टू जिथं असेल तिथं तपकिरी होतं. नॉर्मल पेशीत काही दिसत नाही, फारतर धुरकट रेघ. थ्री प्लसमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या शेऱ्यात, प्रत्येक पेशीभोवती जाड गडद कडं, खुराड्याला लावायची जाळी असते ना हुबेहूब तशी. पहिल्यांदा बघितलेली अजून आठवते. टू प्लस हा मधला शेरा आला की डोळ्यावर विश्वास न ठेवता फिश नावाची, जीनच्या प्रती मोजणारी टेस्ट पुढं करायला लागते, कारण औषध द्यायचं का नाही ते त्यावर ठरतं. (एकदा तालुक्याच्या एका दवाखान्यातनं गाठ फॉर्मॅलिनऐवजी सलाईनच्या पाण्यात घालून एसटीतनं पाठवलेली, रात्रभर तशीच, सकाळी त्या बाईंच्या पेशींचं पार भिजलेलं पोतं झालेलं, कसली टेस्ट करणार? अजून राग येतो.)

आता सिग्नल. तुम्ही बागायतदार आहात तर तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. घडाला जीएचं, म्हणजे जिबरेलिक आम्लाचं डिपिंग करता ना, ते काय खत असतं का? पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखात किती भाग अशी मोजायची वस्तू, वेलीला त्यात खायला काहीच नाही, तरी मणी लांबतो, कारण तो निरोप आहे, वाढ म्हणून सांगणारा. आपल्या पेशींनाही असेच बाहेरून निरोप येतात आणि ते घ्यायला पेशीच्या कातडीवर रिसेप्टर असतात, दारावरची बेलच म्हणा. हर-टू ही तसली बेल. एरवी मोजक्याच असतात. पण वहिनींच्या गाठीतल्या पेशींमध्ये या जीनच्या दोनच्या जागी कितीतरी प्रती झाल्यात, त्यामुळं सगळी भिंतच बेलांनी भरलीय, आणि इतक्या दाटीत त्या एकमेकींना चिकटून आपोआप वाजतात. दारात कोणी नाही आणि घरात मात्र आले आले म्हणून धावपळ. आत एक प्रोटीन दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, रास, रॅफ, मेक, अर्क अशी ती साखळी पेशीच्या केंद्रापर्यंत जाते आणि तिथं हुकूम पोचतो, वाढा. दुसऱ्या एका साखळीतनं हुकूम जातो, मरू नका.

पण नुसतं वाढणं म्हणजे पसरणं नव्हे. पेशी शेजारणीला ई-कॅडहेरिन नावाच्या डिंकासारख्या प्रोटीननं धरून असते. टीजीएफ-बीटा वगैरे निरोप वाढले की ती तो डिंकच बनवायची बंद होते, आकार बदलते आणि सरकायला लागते. भोवतालची जाळी कापणारी कात्री पण प्रोटीनच असते. अशी सुटलेली पेशी रक्तात शिरते, आणि गंमत म्हणजे तिथं बहुतेक मरतातच. रक्तात उतरलेल्या दहा हजारात एखादी सुद्धा नवीन गाठ धरत नाही. १८८९ साली लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरनं गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासल्या आणि सांगितलं की हे काही वाऱ्यावर पडलेलं नाही, बियाला जशी माती लागते तसं हे ठरावीक अवयवातच रुजतं. खडकावर शाळू पेरून बघा, तसंच.

हाड ही स्तनाच्या पेशीला मानवणारी माती. ऑपरेशनच्या आधीच एखाददुसरी पेशी तिथं जाऊन बसलेली असू शकते, सर्जननं गाठ कितीही नीट काढली तरी. ती कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला फुटीच्या औषधाचं पेस्टिंग केलं नाही तर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, झोपून राहतात ना, तशी ती वर्षानुवर्षं झोपते आणि कधीतरी फुटते. फुटली की असा निरोप सोडते की हाड बांधणाऱ्या पेशी रँक-लायगँड नावाचं प्रोटीन काढतात, त्यानं हाड कुरतडणाऱ्या पेशी चेकाळतात, हाड झिजतं, आणि हाडात साठलेलं टीजीएफ-बीटा बाहेर पडून परत कॅन्सरच्याच पेशीला खुराक. चक्रच आहे ते. म्हणून कंबर दुखली. याला हाडाचा कॅन्सर म्हणू नका, तो हाडात गेलेला स्तनाचाच कॅन्सर आहे आणि औषध स्तनाचंच चालतं.

ते चक्र तोडायला झोलेड्रॉनिक आम्ल किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शनं देतात, चालू करायच्या आधी दात मात्र दाखवून घ्या, नंतर दात काढायची वेळ आली तर जबड्याच्या हाडाला त्रास होतो. आणि हर-टूची बेल वाजू न देणारं औषध म्हणजे ट्रास्टुझुमॅब, १९९८ पासून जगात वापरात आहे. २०१४ पासून आपल्याकडं तयार झालेले त्याचे बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती औषधं, मिळतात, त्यानं किंमत बरीच उतरलीय. खर्चाचं डॉक्टरांशी मोकळं बोला, सरकारी योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या योजनेच्या टेबलावर विचारा. दर तीन महिन्यांनी टूडी इको सांगतील तो टाळू नका, या औषधानं काहींच्या हृदयाचं पंपिंग थोडं कमी पडतं. आणि सहा इंजेक्शनांवर थांबलो म्हणूनच झालं हे मनाला लावून घेऊ नका, पूर्ण घेऊनही काहींना होतं.

प्रश्न : सांगली मार्केट यार्डात आमचा हळदीचा व्यापार आहे. हळद कॅन्सरचा सिग्नल तोडते असा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. खरं का?

उत्तर : अर्धवट खरं, म्हणून जास्त घोळ. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हळद साठवायच्या हरिपूरच्या पेवांची कौतुकं आम्हीही ऐकत वाढलो, त्यामुळं मलाही हो म्हणायला आवडलं असतं. हळदीतलं कर्क्युमिन काचेच्या बशीतल्या पेशींवर टाकलं तर एनएफ-कप्पा-बी नावाची सिग्नलची साखळी खरंच दबते. पण बशी वेगळी आणि माणूस वेगळा. आतडं ते फारसं शोषत नाही, आणि जे शिरतं ते लिव्हर लगेच बदलून टाकतं. पेशंटना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन देऊन बघितलं तरी रक्तात अगदी किंचित सापडलं, आणि हळकुंडात मुळात कर्क्युमिन शेकड्याला चार-पाचच असतं, म्हणजे बघा किती हळद खायला लागंल. आमटीतली, दुधातली हळद खुशाल घ्या. मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूल मात्र केमो चालू असताना डॉक्टरांना न सांगता नको, त्या मिरीमुळं लिव्हरमध्ये इतर औषधांचं गणित बिघडू शकतं. व्यापार करा की, पण पोत्यावर कॅन्सर लिहू नका.

प्रश्न : आमची विट्याजवळ पोल्ट्री आहे. कोंबड्यांना कॅन्सरचा व्हायरस असतो, चिकन खाल्लं की होतो, असं एकजण सांगत होता.

उत्तर : त्यानं कुठंतरी अर्धं ऐकलंय. १९११ मध्ये अमेरिकेत पेटन राऊस यांनी दाखवलं की कोंबडीतली एक गाठ व्हायरसमुळं होते. फार कोणी मनावर घेतलं नाही, १९६६ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा ते सत्त्याऐंशीचे होते. त्या व्हायरसमधला सार्क नावाचा जीन मुळात कोंबडीच्याच निरोगी पेशीतला निघाला, माणसातही तो असतो, आणि तो बेताल झाला की पेशीची पकड सुटते, वर सांगितलं तसंच. पण तो व्हायरस कोंबड्यांचा, चिकन खाऊन माणसाला कॅन्सर होत नाही. नीट शिजवून खा. तासगावच्या वहिनींना चालत असंल तर त्यांच्याकडंही एक पाठवा.