खोल समुद्रात बोटीचं इंजिन बंद पडलं तर खलाशी काय करतात?

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून आमचा ट्रॉलर सुटतो, आणि इंजिन माझ्याकडे असतं. म्हणून सांगतो.

इंजिन थांबलं की लगेच सेल्फ मारत बसायचं नाही. बॅटरी उतरली की दिवे गेले आणि वायरलेसही गेला. आधी तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य खलाशी, नांगर सोडतो, कारण बोट आडवी होऊन कुशीवर लाटा घ्यायला लागली की खाली उभं राहून पाना धरणंही मुश्कील.

बंद कसं पडलं यावरून निम्मं निदान होतं. एकदम गच्च थांबलं तर बहुतेक बोटीखालच्या पंख्यात जाळं अडकलेलं. मग सुरी घेऊन कोणीतरी पाण्यात उतरतो. तो वर येईपर्यंत चावी तांडेलाच्या खिशात, यात हयगय नाही.

आचके देत, दम तोडत बंद पडलं तर डिझेलचीच भानगड. हे नेमकं खवळलेल्या समुद्रातच होतं, कारण टाकीच्या तळाचा गाळ आणि पाणी हेलकाव्यांनी ढवळून फिल्टरात येतं. फिल्टर बदलला तरी काम संपत नाही, लाइनमध्ये हवा शिरलेली असते. एअर काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, शेवटी डिझेलची अखंड धार. तेव्हाच स्क्रू आवळायचा. तरीही घेत नसेल तर इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नळीच्या) पाइपांचे नट जरा ढिले करून सेल्फ मारायचा. डिझेलच्या वासात, डुलत्या बोटीत हे करताना जुन्या माणसालाही ओकारी येते.

इंजिन तापलं तर समुद्राचं पाणी ओढणाऱ्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी चिकटलीय का बघा. आजकाल माशांपेक्षा तीच जास्त! नाहीतर पंपाचा रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चक्र) गेलेला असतो. नवा घालताना जुन्याची तुटलेली पाती मोजून बाहेर काढा. एखादं पातं पुढे जाऊन बसलं की पाण्याची वाट पुन्हा बंद.

नौदलाचे माजी अधिकारी अभिलाष टॉमींनी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत (शिडाच्या बोटीतून एकट्याने जगाला फेरी मारायची) संडासाचं दार कापून विंडवेन (वाऱ्यावर बोटीची दिशा आपोआप राखणारं यंत्र) दुरुस्त केला होता. त्यांना बाहेरची मदत घ्यायची मुभा नव्हती. आपल्याला आहे, तर लाजू नये. व्हीएचएफ वायरलेसच्या १६ नंबर चॅनलवर अंधार पडायच्या आत सांगा. जवळपासची एखादी बोट टोचन करून नेते. जिवावरच बेतलं तर डॅटचं (उपग्रहामार्गे तटरक्षक दलाला संकटाचा इशारा पाठवणाऱ्या यंत्राचं) बटण आहेच.