नळाला हात लावला की झिणझिण्या का येतात?

प्रश्न : आमचे घर दांडिया बाजारातील जुन्या वाड्यात आहे. गेल्या वर्षी अंगणातील पाण्याचे लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचे टाकले. तेव्हापासून गीझर चालू असताना न्हाणीघरातील नळाला हात लावला, की झिणझिण्या येतात. सासूबाईंना तर एकदा चांगलाच झटका बसला. वायरमन म्हणतात, एमसीबी (प्रवाह वाढला की आपोआप पडणारे स्विच) नवीन आहेत, काळजी नको. पायात रबरी चप्पल घालत जा. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : मुळीच नाही. गीझर आजपासूनच बंद ठेवा, आणि तोही नुसत्या बटणाने नव्हे, तर त्याचा एमसीबी खाली करून.

एमसीबी तारांचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. १६ अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह वाहू लागल्यावरच पडतो. हातातून सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह गेला, तरी स्नायू आखडतात आणि धरलेला नळ सोडवत नाही. १०० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा दहावा भाग, हृदय बंद पाडू शकतो. एवढ्याशा प्रवाहाची एमसीबीला दखलही नसते.

खरे कारण बहुधा पाइपांत आहे. अनेक जुन्या घरांत अर्थिंगची, म्हणजे गळणारी वीज जमिनीत सोडणारी, तार स्वतंत्र खड्ड्यापर्यंत न नेता पाण्याच्या लोखंडी पाइपलाच बांधलेली असते. पाइप जमिनीत गेलेला होता तोवर गळणारी वीज मातीत उतरत होती. अंगणातला भाग प्लॅस्टिकचा झाला आणि ती वाट तुटली. भिंतीतला पाइप मात्र लोखंडीच राहिला असेल, तर गीझरच्या कॉइलमधून गळणारी वीज थेट नळावर येते आणि नळ धरणाऱ्याच्या अंगातून ओल्या फरशीत उतरते. अर्थिंगच्या त्याच तारेला फ्रिज किंवा वॉशिंग मशीन जोडलेले असेल, तर त्यांचीही गळती नळावरच येणार, म्हणून केवळ गीझर बदलून भागणार नाही.

परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अंगणात स्वतंत्र अर्थिंग करून घ्या आणि तिथून हिरवी तार प्रत्येक थ्री-पिन सॉकेटपर्यंत आणवा. थ्री-पिन प्लगची जाड पिन लांब ठेवलेली असते ती यासाठीच, की प्लग लावताना अर्थिंग सर्वांत आधी जुळावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. ती पिन कापून दोन पिनांवर काम भागवणारे लोक पाहिले, की मन खरोखर अस्वस्थ होते. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणि अर्थिंग एकत्र जोडून देतात. तसे कोणालाही करू देऊ नका, कारण न्यूट्रलची तार कुठे तुटली, तर यंत्राच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात.

याबरोबर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा सुरक्षा स्विच बसवा. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परतला नाही, तर तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो ना, हे पाहावे. चपलेचा सल्ला विसरा. ओल्या हाताने नळ आणि भिंत एकदम धरल्यास चप्पल काही करू शकत नाही.

प्रश्न : ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले होते. पुन्हा तसे झाल्यास विजेचे काय करावे?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : पाणी सॉकेटपर्यंत चढण्याआधी, कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच बंद करा. पाय पाण्यात असतील, तर मेनला हात न लावता वीज कंपनीला फोन करून पुरवठा बाहेरून बंद करवा. पाणी ओसरल्यावर भिंती वाळल्या, एवढ्यावर विसंबू नये. इलेक्ट्रिशियनने मेगर (तारांच्या आवरणातून वीज गळते का, हे मोजणारे यंत्र) लावून वायरिंग तपासल्यानंतरच मेन चालू करावा, आणि बुडालेली मोटर किंवा फ्रिज दुरुस्तीवाल्याने पाहिल्याशिवाय प्लगला लावू नये.