ज्येष्ठमधाच्या मुळातून ग्लिसरायझिन (त्याला गोडी देणारं द्रव्य) वेगळं कसं करायचं? गाळण सारखी तुंबते.

तुंबते ती स्टार्चमुळे. पाणी उकळलं की स्टार्च फुगतो, खळ होते आणि फिल्टर पेपर बंद पडतो. म्हणून ६०° से. च्या वर जाऊच नका.

मूळ मशीद बंदरहून अख्खं घ्या, तयार पूड नको. मुंबईच्या पावसाळ्यात पुडीला ओल येते, बुरशी धरते. ४५° से. ला सुकवून भरड दळा; मैद्यासारखी बारीक पूडही गाळणीला त्रासच देते.

१०० ग्रॅम भरडीला १ लिटर पाणी, त्यात अमोनिया साधारण ०.५ टक्के. ५०° से. ला दोन तास ढवळा, आधी मलमलीतून आणि मग बुखनर फनेलमधून (पंपाने हवा ओढून गाळायचं नरसाळं) गाळा. उरलेल्या चोथ्याला तसंच आणखी ५०० मिली पाणी घालून पुन्हा गाळा. रोटरीवर (फ्लास्क फिरवत कमी दाबाखाली आटवणारं यंत्र) आटवताना फ्लास्क अर्ध्याहून कमी भरा, कारण ग्लिसरायझिन हे सॅपोनिन, म्हणजे साबणासारखं फेसाळणारं द्रव्य आहे, फेस थेट कंडेन्सरमध्ये चढतो.

आता बर्फात थंड करून पातळ सल्फ्युरिक आम्ल थेंबथेंब घाला, पीएच २ ते ३ पर्यंत. तपकिरी, चिकट साका बसतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. धुवायला बर्फगार आम्लयुक्त पाणीच वापरा, गरम पाण्यात माल विरघळून वाहून जातो. आम्लासकट तापवलंत तर साखर तुटून ग्लिसरेटिनिक आम्ल बनतं. तेही दाहशामकच, पण रेणू वेगळा.

हा साका शुद्ध नसतो, फ्लेव्होनॉइड्स (मुळातली रंगद्रव्यांसारखी इतर संयुगं) सोबत येतात. गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून, गाळून, अमोनिया घालून त्याचा अमोनियम क्षार (सॉल्ट) पाडा आणि २५४ नॅनोमीटरला एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) स्टँडर्डशी, म्हणजे शुद्ध नमुन्याशी, ताडून बघा.