जुनं कब, नवे मालक: वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

पायपर जे-३ कब हे पिवळं, कापडी अंगाचं दोन आसनी विमान पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवनला १९३८ ते १९४७ या काळात तयार होत होतं. इंजिन काँटिनेंटल ए-६५, ताकद ६५ अश्वशक्ती. स्टार्टर नाही, बॅटरी नाही. अमेरिकेतल्या काही वाचकांनी ही विमानं विकत घेतली आहेत किंवा घ्यायच्या बेतात आहेत. त्यांच्या आणि ठाण्याच्या एका वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत.

१९४६ चं कब बघून आलो. रंग नवाकोरा, कापड ताठ, कुठे डागही नाही. विकणारे म्हणतात, काही बघायचं उरलेलं नाही. आम्ही काय तपासावं?
— वाचक, ओहायो

रंग बाजूला ठेवा आणि आधी स्ट्रट बघा. पंखांना खालून आधार देणाऱ्या या पोलादी नळ्या. जुन्या नळ्या टोकांना पूर्ण बंद नसतात. पाऊस आणि दव आत शिरतं, उतारावरून खाली येतं आणि खालच्या टोकाशी साचून राहतं. गंज आतून चढतो, नळीची भिंत पातळ होत जाते, आणि बाहेरचा रंग मात्र चकचकीत राहतो. अशा गंजाने हवेत स्ट्रट तुटला तर पंखच दुमडतो. म्हणूनच अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, ही तपासणी सक्तीची केली आहे. जुन्या उघड्या स्ट्रटची तपासणी दर २४ महिन्यांनी करावीच लागते. खालच्या टोकाच्या भागावर टोचणीच्या उपकरणाने ठराविक दाब देतात. तिथे खळगा पडला तर तो स्ट्रट बाद. ठोकून, वेल्डिंग करून किंवा रंग लावून तो वाचवायच्या फंदात पडू नका. दोन्ही टोकं सीलबंद असलेले नवे स्ट्रट बसवले, की दर दोन वर्षांची ही तपासणी संपते. विकणाऱ्यांकडे लॉगबुक मागा आणि सीलबंद स्ट्रट बसवल्याची नोंद सापडते का ते बघा. नोंद नसेल तर स्ट्रट जुनेच आहेत असं धरून किंमत ठरवा.

स्ट्रटच्या खालच्या टोकाला आट्यांचा फोर्क, म्हणजे दुबेळका जोड, असतो. त्या आट्यांत तडे जातात, त्यामुळे स्ट्रट काढाल तेव्हा फोर्कही तपासून घ्या. काढण्याआधी फोर्क किती आटे आत आहे ते मोजून लिहून ठेवा. पंखाचा कोन या फोर्कवर ठरतो. आटे चुकले तर विमान एका बाजूला ओढत राहतं.

आता कापड. हल्ली बहुतेक कबवर पॉलिस्टर असतं. ते कुजत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी कमजोर होतं. त्या किरणांना अडवतो तो रंगाखालचा चंदेरी थर. संध्याकाळी पंखाच्या आत तपासणीच्या भोकातून दिवा धरा आणि वरून बघा. उजेड झिरपताना दिसला, तर चंदेरी थर कमी पडला आहे. कापडाची ताकद नेहमी वरच्या बाजूला आणि गडद रंगाच्या जागी तपासावी, कारण तीच जागा सर्वात जास्त तापते. कबच्या अंगावरची काळी विजेसारखी पट्टी त्यासाठी बरोबर सापडते. मूळ सुती कापड असेल तर कबसाठी दर इंचाला निदान ४६ पौंडांचा ताण ते सोसलं पाहिजे. याहून कमी भरलं तर सगळं कापड बदलायचं. हे महिनोन्‌महिने चालणारं काम आहे आणि खर्चही मोठा, म्हणून ते विकत घेण्याआधी कळलेलं बरं.

शेवटी शेपटीजवळ वाका. अंगाच्या सांगाड्याच्या खालच्या नळ्या तिथे एकत्र येतात आणि सगळं पाणी तिथेच उतरतं. कापडाला बोट लावून नळीवरचा रंग फुगला आहे का ते चाचपा. फुगा लागला तर मेकॅनिकला बोलावूनच पुढचं बोला.

कब हाताने प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, फिरवून सुरू करावं लागतं. सकाळी पटकन सुरू होतं, पण पेट्रोल भरायला थांबलो की गरम इंजिन काही केल्या सुरू होत नाही. पेट्रोलचा वास मात्र येतो. काय चुकतंय?
— वाचक, टेक्सास

वास येतो म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त झालं आहे. थंड इंजिनाला प्रायमरचे, म्हणजे इंजिनात थेट पेट्रोल ढकलणाऱ्या हातपंपाचे, तीन-चार झटके लागतात. गरम इंजिनाला एकही देऊ नका. सवयीने दिले जातात आणि सिलिंडर पेट्रोलने ओले होतात.

उपाय असा. मॅग्नेटोचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचा, स्विच बंद करा. चाकांना ठोकळे, शेपटीला दोर. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी कळ, पूर्ण उघडा आणि प्रॉप उलट्या दिशेने आठ-दहा पाती फिरवा, म्हणजे जास्तीचं पेट्रोल बाहेर पडतं. मग थ्रॉटल पुन्हा जवळजवळ बंद करा, अगदी थोडा उघडा ठेवा, आणि तो हाताने पुन्हा तपासा. अपघात इथेच होतात. घाईत थ्रॉटल उघडाच राहतो, इंजिन पूर्ण ताकदीने पेटतं आणि विमान ठोकळ्यांवरून उडी मारून सुटतं. आत ब्रेक दाबून बसायला जाणकार माणूस असल्याशिवाय प्रॉपला हात लावू नका. विमानात बसायची पहिलीच वेळ असलेल्या पाहुण्याला हे काम देऊ नये.

पातं धरताना तळवा सपाट ठेवा. बोटं पात्याच्या कडेमागे वळवू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर वळलेली बोटं सुटत नाहीत. पाय घट्ट, जमीन कोरडी. पातं खाली ओढलं की त्याच लयीत शरीर मागे यायला हवं. पातं हळूहळू फिरवताना इम्पल्स कपलिंगचा ‘टक्’ असा आवाज ऐका. ही स्प्रिंगची कळ सुरू होताना ठिणगी उशिरा पाडते. ‘टक्’ ऐकू आलं नाही तर ठिणगी लवकर पडते आणि प्रॉप हातावर उलटा येतो. त्या दिवशी विमान हँगरमध्येच राहू द्या.

एक गोष्ट यापेक्षाही महत्त्वाची आहे. बहुतेक ए-६५ इंजिनांवर स्ट्रॉमबर्ग कार्बुरेटर असतो, आणि मिक्श्चरची कळ ओढून, म्हणजे पेट्रोल तोडून, इंजिन बंद करायची सोय त्यात नसते. इंजिन मॅग्नेटोच्या स्विचने बंद होतं, म्हणून सिलिंडरमध्ये पेट्रोल शिल्लक राहतं. स्विचपासून मॅग्नेटोकडे जाणारी अर्थिंगची तार तुटली असेल, तर स्विच ‘बंद’ दाखवतो पण मॅग्नेटो जिवंत असतो, आणि उभ्या विमानाचा प्रॉप सहज हलवला तरी इंजिन पेटू शकतं. तपासणी सोपी आहे. उड्डाणानंतर इंजिन अगदी मंद चालू असताना स्विच क्षणभर बंद करून पुन्हा चालू करा. इंजिन त्या क्षणी विझायला लागलं पाहिजे. तसंच चालत राहिलं, तर टाकीचा कॉक बंद करून पेट्रोल संपवून ते थांबवा, प्रॉपला ‘हात लावू नका’ अशी पाटी बांधा आणि तार दुरुस्त करून घ्या. ही सवय प्रत्येक उड्डाणानंतर असावी. स्विच कधीही बंद आहे असं मानू नका, रोज चालू आहे असंच धरून वागा.

पुतण्या न्यू जर्सीत कब उडवतो. तो म्हणतो, उन्हाळ्यात तीस अंशांतही कार्बुरेटरमध्ये बर्फ होतो. तरुणपणी मी पुष्पकवर शिकलो, तरी हे पटायला जड जातं.
— वाचक, ठाणे

पुतण्याचं म्हणणं बरोबर आहे. माठातलं पाणी का गार होतं ते आठवा. कार्बुरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते आणि अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाबही उतरतो. दोन्ही मिळून तापमान तब्बल ३८ अंश सेल्सियसने खाली येऊ शकतं. हवा दमट असली की बाष्प तिथेच गोठतं. २१ अंशांच्या खाली आणि ८० टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत धोका सर्वाधिक. ३८ अंशांपर्यंतच्या हवेतही, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास असताना, बर्फ धरू शकतो. तुमच्याकडचा पावसाळा याच हिशेबात बसतो.

बर्फ धरल्याची खूण म्हणजे इंजिनाचे फेरे हळूहळू उतरणं. झटका नसतो, म्हणून पायलटला वाटतं थ्रॉटल सरकला, आणि तो थ्रॉटल वाढवतो. उतरताना थ्रॉटल कमी करण्याआधी कार्ब हीट, म्हणजे कार्बुरेटरला गरम हवा देणारी कळ, पूर्ण ओढा, अर्धवट नको. ओढल्यावर फेरे थोडे कमी होतात. बर्फ असेल तर तो वितळून इंजिनात जातो, इंजिन खरखरतं आणि नंतर फेरे वाढतात. या खरखरीला घाबरून हीट बंद करणं ही नेहमीची चूक. तसंच सोसा, मिनिटभरात इंजिन मोकळं होतं.

पुष्पक म्हणजे डॉ. वि. मा. घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घडलेलं विमान. त्याचं इंजिनही काँटिनेंटलच, सी-९०. घराणं एक, म्हणून शिस्तही एकच.

पायलट-मालकाला स्वतः काय काय करता येतं?
— वाचक, कॅलिफोर्निया

तेल बदलणं, प्लग साफ करून बसवणं, टायर बदलणं, चाकांच्या बेअरिंगला ग्रीस भरणं आणि कापडाचं छोटं ठिगळ, जिथे बरगडीवरचे टाके उसवावे लागत नाहीत. ए-६५ मध्ये तेल ४ क्वार्ट, म्हणजे साधारण पावणेचार लिटर. तेलाचा फिल्टर नसून फक्त जाळी असते, म्हणून २५ तासांनी तेल बदला आणि जाळीत धातूचे कण आहेत का ते बघा. प्लग २५ ते ३० फूट-पौंड टॉर्कने आवळा, वॉशर तांब्याचं आणि नवं. काम झाल्यावर लॉगबुकात कामाचं वर्णन, तारीख, नाव, सही आणि तुमच्या लायसन्सचा प्रकार व क्रमांक लिहा. कार्बुरेटर उघडणं, मॅग्नेटोचं टायमिंग, स्ट्रट आणि पंख ही कामं परवानाधारक मेकॅनिकची आहेत, आणि दर वर्षीच्या तपासणीवर विशेष अधिकार असलेल्या मेकॅनिकची सही लागते.

गाडीचं पेट्रोल कबला चालतं का?
— वाचक, मिशिगन

ए-६५ जुन्या ७३ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनलं. हल्लीच्या १००-एलएल या विमानाच्या पेट्रोलमधल्या शिशाने खालचे प्लग माखतात, हा त्रास खरा आहे. त्यासाठी मंजुरी घेऊन गाडीचं पेट्रोल वापरता येतं, पण इथेनॉल अजिबात नको. तपासायला काचेच्या नळीत १० मिलीची खूण करा, तिथपर्यंत पाणी भरा, वर ९० मिली पेट्रोल घाला, हलवा आणि स्थिर होऊ द्या. पाण्याची रेषा खुणेच्या वर गेली तर त्यात इथेनॉल आहे, ते टाकीत घालू नका. कबच्या टाकीचा मापक म्हणजे झाकणातून वर येणारी तार आणि आत तरंगणारी कॉर्कची गोळी. गोळीवरचं व्हार्निश इथेनॉलमुळे सुटतं, गोळी भिजून बुडते आणि मापक खोटा ठरतो. तार वाकली की ती वर अडकूनही बसते, आणि टाकी भरलेली आहे असं दाखवत राहते. उड्डाणाआधी तार हाताने दाबून सोडून बघा आणि टाकीत नजर टाका.