कल्पनारम्य कथेतले नायक खलनायकाला जाऊन मिळाले तर कथा टिकेल का?

टिकेल, उलट जास्त बोचेल. फक्त नायकाला एका रात्रीत दुष्ट करू नका. महाभारतातला शल्य आठवा. नकुल-सहदेवांचा मामा, निघाला होता पांडवांकडेच. वाटेत दुर्योधनाने गुपचूप पाहुणचार केला आणि शब्दात अडकून तो कौरवांकडून लढला. कर्णाचा सारथी होऊनही त्याचाच तेजोभंग करत राहिला. हे दुभंगलेलं मन मला फार लागतं.

आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी मारबत म्हणजे एका बाईचा मोठा काळा पुतळा मिरवणुकीने निघतो. भोसले घराण्यातल्या बाकाबाईने इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्याचा हा निषेध, असं जुने लोक सांगतात. अजूनही गर्दी ओरडते, ‘घेऊन जा गे मारबत!’ तुमच्या नायकांना गावाचा असा राग भेटू द्या. कथेतला सगळ्यात जिवंत प्रसंग मला तिथेच दिसतो.