साहेबांचा मेसेज, नवा खातेक्रमांक आणि चलनाची फाइल

नोकरदार वाचकांकडून ऑनलाइन फसवणुकीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच प्रकारचे प्रश्न एकत्र केले आहेत.

मी एका कंपनीत हिशेब विभागात आहे. अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲप आला, फोटो आमच्या एमडी साहेबांचा. ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका. सोबतच्या खात्यावर लगेच आरटीजीएस करा, कागद नंतर देतो.’ मी पैसे पाठवले नाहीत. पण खरंच साहेबच असते तर? – अकाउंटंट, इचलकरंजी

खरे साहेब असते तर त्यांना तुमचा एक फोन घ्यावा लागला असता, एवढंच. नवा नंबर, घाई आणि ‘फोन करू नका’ या तिन्ही गोष्टी त्या मेसेजमध्ये आहेत आणि तिसरी सगळ्यांत बोलकी आहे. फोटो कंपनीच्या वेबसाइटवरून उचलता येतो. हिशेब कोण पाहतं, साहेब कोणत्या प्रदर्शनाला गेलेत, हे लिंक्डइनवर कुणीतरी आपणहून टाकलेलं असतं.

नंबर ओळखीचा निघाला तरी निर्धास्त होऊ नका. साहेबांकडून सहा आकडी कोड काढून घेतला की त्यांचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या फोनवर सुरू होतं. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून ते भलत्याच संगणकाला जोडलेलंही असू शकतं. आवाजाची नक्कल तर आता कुणालाही जमते. म्हणून मागणी ज्या वाटेने आली, त्या वाटेने खात्री करायची नाही. त्याच चॅटमध्ये ‘सर, तुम्हीच ना?’ विचारण्यात अर्थ नाही, कारण उत्तर ‘हो’च येणार. आधीपासून जतन केलेल्या नंबरवर साधा फोन लावा. साहेब उचलत नसतील तर पेमेंट थांबेल. आरटीजीएस एकदा समोरच्या खात्यात जमा झालं की ते मागे घेण्याचं बटण नसतं.

‘साहेब रागावतील’ ही भीती मात्र अकाउंटंटने एकट्याने दूर करायची नाही, ते काम साहेबांचं आहे. त्यांच्या सहीचं एक परिपत्रक काढून घ्या : ‘व्हॉट्सॲप किंवा ईमेलवरच्या सूचनेवरून नव्या खात्यावर पैसे जाणार नाहीत. मी स्वतः सांगितलं तरी उलट फोन केल्याशिवाय पेमेंट करू नये.’ कंपनीच्या नेट बँकिंगमध्ये एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजुरी द्यायची, अशी सोय असते. ती चालू करा. लहान कंपन्यांत ही सोय कागदावर असते, पण दोन्ही लॉगिनचे पासवर्ड एकाच माणसाच्या डायरीत आणि दोन्ही ओटीपी एकाच मोबाइलवर येतात. मग ती असून नसून सारखीच.

यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या जुन्या पुरवठादाराचा मेल आला की बँक बदलली आहे, पुढचं बिल नव्या खात्यावर भरा. मेल जुन्याच संवादाच्या साखळीत होता, बिल नंबरही बरोबर. तरी तो खोटा निघाला. हे कसं होतं? – खरेदी विभाग, भोसरी

यात बहुतेक वेळा दोघांपैकी एकाची मेलपेटी आधीच फोडलेली असते. चोर आत शिरला की लगेच काही करत नाही, मोठं बिल यायची वाट पाहत नुसता वाचत बसतो. मेलपेटीत तो एक नियम घालून ठेवतो : ‘इन्व्हॉइस’ किंवा ‘पेमेंट’ हे शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठव आणि इथे लपव. पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच राहतो, म्हणून जीमेलमध्ये ‘फिल्टर्स’ व ‘फॉरवर्डिंग’ आणि आउटलुकमध्ये ‘रूल्स’ उघडून पाहा. तुम्ही न घातलेला नियम दिसला तर तो काढण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या.

दुसरी युक्ती म्हणजे हुबेहूब दिसणारा पत्ता. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी ठेवले की मोबाइलच्या पडद्यावर फरक दिसत नाही. त्यामुळे खातेबदलाचा मेल मोबाइलवर तपासू नका. संगणकावर पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता उघडा आणि ‘रिप्लाय’ दाबल्यावर वर कोणता पत्ता येतो तेही बघा.

आता बँकेची बाजू. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम खातेक्रमांकावर जमा होते. तुम्ही टाइप केलेलं नाव जुळलं नाही म्हणून व्यवहार अडत नाही. अनेकांना हे ठाऊकच नसतं. लाभार्थीचं बँकेतलं नाव आधी दाखवण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. ती वापरा. पण एक रुपया पाठवून ‘मिळाला का?’ असं मेलवरच विचारलंत तर उत्तर चोरच देईल. दोन वर्षांपूर्वीच्या बिलावर छापलेल्या नंबरवर फोन करा, नव्या मेलखाली दिलेल्या नंबरवर नको. त्या फोनची तारीख, वेळ आणि बोललेल्या माणसाचं नाव खातेबदलाच्या कागदावर लिहून ठेवा.

‘तुमच्या गाडीचं चलन’ म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली फाइल मी उघडली. नावाच्या शेवटी ‘एपीके’ होतं. काहीच दिसलं नाही, पण नंतर माझ्याच नंबरवरून ती फाइल सगळ्या ग्रुपवर गेली. फोनवर ऑफिसचा मेलही आहे. – शिक्षिका, लातूर

एपीके म्हणजे अँड्रॉइडचं ॲप. चलन, लग्नपत्रिका, बँकेचं केवायसी, नाव काहीही असो, आत ॲपच असतं. ते एसएमएस वाचायची आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतं. पहिलीने ओटीपी बाहेर जातात. दुसरीने पडद्यावरचं वाचता येतं आणि बटणंही दाबता येतात. ‘काहीच दिसलं नाही’ कारण ॲप आपलं चिन्ह लपवतं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी विमान मोड लावा आणि वाय-फाय वेगळं बंद करा, कारण विमान मोडमध्येही ते चालू राहू शकतं. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करून घ्या. बँकेचा नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्या. गूगलवर शोधलेला ‘कस्टमर केअर’ नंबर हाही फसवणुकीचा जुना अड्डा आहे.

त्यानंतर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा, म्हणजे बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवर बटणाच्या मेन्यूतलं ‘पॉवर ऑफ’ दाबून धरलं की तो पर्याय येतो. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ या यादीत अनोळखी नाव दिसलं तर तिथली परवानगी आधी काढा, नाहीतर ॲप उडवू देत नाही. मग ‘सर्व ॲप्स’च्या यादीतून ते काढा. तरी आमचं स्पष्ट मत असं की फोटो आणि संपर्क बाजूला काढून फोन फॅक्टरी रीसेट करावा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करावा. व्हॉट्सॲपमधून उतरवलेल्या फाइली मात्र परत आणू नका, त्यातच ती एपीके असते.

पासवर्ड स्वच्छ संगणकावरून बदला. त्याच फोनवर बदललात तर नवा पासवर्डही जाईल. प्रत्येक खात्यातून ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करा. नेटवर्क परत चालू केल्यावर *#२१# डायल करून तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेत का पाहा. वळवले असतील तर ##००२# ने सगळी वळणं रद्द होतात.

ऑफिसच्या आयटी विभागाला लगेच सांगा. लाजून दोन दिवस गप्प राहणं ही यातली सगळ्यांत महाग चूक. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार संस्थांना ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. तुम्ही बोलला नाहीत तर त्यांना कळणार कुठून?

पुढच्यासाठी सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा आणि तिथे व्हॉट्सॲप, क्रोम व फाइल मॅनेजर, तिन्हींची परवानगी बंद ठेवा. चलन खरं आहे का हे महाट्रॅफिक ईचलन डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून कळतं. पत्ता स्वतः टाइप करायचा.

जुनं टेबल विकायला ठेवलं तर घेणाऱ्याने ‘पैसे मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड पाठवला. – नाशिक

पैसे घ्यायला स्कॅन लागत नाही आणि यूपीआय पिनही लागत नाही. पिन विचारला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून निघणार.

आमच्याकडे दर ४५ दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. लोक शेवटचा आकडा वाढवतात. याने काय साधतं? – बँक कर्मचारी, सोलापूर

फारसं काही नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या प्रमाण संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंही आता ठरावीक मुदतीने सक्तीचा बदल नको म्हणतात. पासवर्ड फुटल्याची शंका आली तर मात्र तो लगेच बदलावा. तुमच्या बँकेचा नियम तुम्हाला मोडता येणार नाही. पण तोच पासवर्ड बाहेर कुठेही वापरायचा नाही, एवढं हातात आहे. एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळाची यादी फुटली की चोर ईमेल-पासवर्डच्या त्याच जोड्या ऑफिसच्या मेलवर लावून पाहतात.

खाजगी ईमेलला सगळ्यांत भक्कम पासवर्ड द्या, कारण बाकी सगळ्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’ दुवे तिथेच येतात. पासवर्ड मॅनेजरचा एक कमी सांगितला जाणारा फायदा : पत्ता बनावट असेल तर तो पासवर्ड भरतच नाही. भरला नाही की थांबून पत्ता वाचा. आणि तुम्ही लॉगिन करत नसताना मोबाइलवर मंजुरीची विनंती आली, तर पासवर्ड आधीच दुसऱ्याच्या हातात आहे असं समजा. ‘नाही’ दाबून तो लगेच बदला.

सहकाऱ्याला ऑफिसात ‘सीबीआय’चा व्हिडिओ कॉल आला आणि तो तीन तास मीटिंग रूममध्ये दार लावून बसला. आम्ही काय करायला हवं होतं? – ठाणे

दार ठोठवायला हवं होतं. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार भारतातल्या कोणत्याही कायद्यात नाही, पण कॉलवर अडकलेल्या माणसाला ते पटेनासं झालेलं असतं. ‘कुणाला सांगू नका, कॅमेरा बंद करू नका’ ही अट त्याला एकटं पाडण्यासाठीच असते. अशा वेळी वाद न घालता फोन त्याच्या हातातून घेऊन कॉल कापा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात फोन करून त्यालाच बोलू द्या. पैसे गेले नसतील तर तो नंबर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ सुविधेत नोंदवा.

ओटीपी मीच सांगितला, पैसे गेले. बँक म्हणते चूक तुमची. आता तक्रार करून उपयोग आहे का? – कोल्हापूर

आहे, आणि तो वेळेवर अवलंबून आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर होणारं बँकेचं. म्हणून बँकेला आधी कळवा, तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.

मग लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. खातेक्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक समोर ठेवून बोला. यूपीआयचा क्रमांक १२ आकडी, एनईएफटीचा (याला यूटीआर म्हणतात) १६ अक्षरी, आरटीजीएसचा २२ अक्षरी असतो. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवतो. वाटेत जिथे ते अजून शिल्लक असतील तिथे ती रक्कम गोठवली जाते, म्हणून इथे मिनिटं मोजायची. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवून पुरावे जोडा, चॅट पुसू नका. गोठवलेली रक्कम सहसा न्यायालयाच्या आदेशाने परत मिळते, त्यासाठी तक्रारीची पोचपावती लागते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

तक्रारीनंतर काही दिवसांनी ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन येऊ शकतो. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. तो फोन कापा आणि पोचपावतीवरचा क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन विचारा.